जुळणारं कार्ड

कारखान्यात त्याला सगळे व्हर्नियर म्हणत. व्हर्नियर म्हणजे केसाएवढी जाडी मोजणारं पोलादी माप. इतर लोक खिशाला पेन लावतात, तिथे हा ते माप लावायचा. स्टोअरच्या खिडकीमागे त्याने उभा जन्म काढला. कुणी येऊन "एक बोल्ट द्या" म्हणालं, की हा म्हणायचा, "जुना आणा." जुना आणला की दोन्ही मोजायचा, आटे पडताळायचा, उजेडाकडे धरून बघायचा. तोवर तिकडे मशीन बंद पडलेलं असायचं आणि फोरमन स्वतःचे केस उपटत असायचा. "अहो, चालेल हो तो!" असं कुणी म्हटलं, की व्हर्नियर खिडकी लावून घ्यायचा. 'चालेल' हा शब्द त्याच्या लेखी शिवीसारखा होता. त्याचं लग्न झालं नाही, तेव्हा कारखान्यातले म्हणाले, होणार कसं, याच्या नियमाने नवी बायको हवी तर आधी जुनी दाखवावी लागेल.

या खोडीला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला वरच्या साहेबाने सांगितलं म्हणून त्याने एक जवळपासच्या मापाचं बेअरिंग खिडकीतून दिलं होतं. ते फिरता फिरता अडकलं आणि एका फिटरची दोन बोटं गेली. साहेबाला कुणी काही बोललं नाही. फिटर मात्र पुढे बरीच वर्षं त्याच खिडकीशी यायचा आणि डाव्या हाताने वस्तू घ्यायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा पाणीही फुंकून प्यायला लागला.

निवृत्त झाला, पण सुंभ जळला तरी पीळ तसाच राहिला. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची विधवा ताई राहायचे. त्या घरात धड चालणारी वस्तू शोधावी लागे. कपाटावर टेपरेकॉर्डर पोट उघडून पडला होता, कारण त्याच्या आतला रबरी पट्टा तुटला होता. बाजारात पट्टे ढिगाने होते. अगदी जुळणारा मिळत नव्हता. ताई म्हणायची, "छोट्या, तू डॉक्टर झाला असतास तर एकही रोगी बरा झाला नसता. सगळे वाट बघून मेले असते." साठी उलटलेल्या या माणसाला जगात एकटी तीच छोट्या म्हणायची.

आणि ती म्हणायची म्हणजे काय, खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. ताई बसस्थानकावर घोषणा करायची. काचेच्या एवढ्याशा खोलीत, एक टेबल, एक माइक आणि पाण्याचा तांब्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाचं मूल हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, हे सगळं गावाने तिच्या तोंडून ऐकलं होतं. भाजीवालीशी घासाघीस करताना मागे उभी असलेली माणसं तिच्याकडे वळून बघायची. चेहरा ओळखीचा नसायचा, आवाज असायचा. पुढे स्थानकावर यंत्र आलं, त्यात कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचा आवाज भरून आला, आणि ताईला शाल देऊन घरी पाठवलं. इतकी वर्षं सगळ्या गावाने ऐकलेला तो आवाज कुठेही साठवलेला नव्हता. कुणाला तशी गरजच वाटली नव्हती.

मग तिचा घसा बसला. बसला तो उठेचना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख महिनाअखेरची मिळाली.

ताई घरी येऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि कामाचं बोलली. तिची मुलगी, म्हणजे व्हर्नियरची भाची, पहिल्यांदाच गरोदर होती. "माझ्या नातवंडाला माझा आवाज ऐकू दे," ताई म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण तिचा होता. "फोटोतली मुकी आजी दाखवू नका त्याला. छोट्या, हे काम तुझं. यात तरी घोळ घालू नकोस."

त्या काळचे फोन बोलण्यापुरतेच होते आणि टेपरेकॉर्डर कपाटावर पोट उघडून पडला होता. जावयाने आपला जुना डिजिटल कॅमेरा दिला. त्यात बोलतं चित्रण व्हायचं. सोबत त्याने एक छोटं मेमरी कार्डही दिलं. "मामा, हे बरंच जुनं आहे," तो म्हणाला, "पण चालेल."

तिथेच माशी शिंकली.

त्याच दुपारी व्हर्नियरने ताईला खिडकीपाशी बसवलं, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवला आणि बटण दाबलं. ताई म्हणाली, "अरे, सुरू झालं का? बोलू का मी? आधी तू बाजूला हो, उजेड अडवतोयस." आणि कॅमेरा आपोआप थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा काही क्षणांनी थांबला. कार्ड जुनं, त्याचा वेग कमी. चित्रण भराभर यायचं आणि कार्डाला तेवढ्या भराभर ते घेता यायचं नाही. घशात घास अडकावा तसं व्हायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला ताईला गंमत सुचली. ती ताठ बसली, तोंडापुढे मूठ माइकसारखी धरली आणि जुन्या थाटात म्हणाली, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. आपल्या घरी येणारी नवी छोटी गाडी वेळेवर निघालेली आहे. आजी फलाटावर उभी आहे. गाडीने उगाच घाई करू..." इथे तुटलं. भाची हसता हसता डोळे पुसायला लागली.

"मामा, किती छान झालं! असेच तुकडे घ्या ना. मला चालेल."

"ही फक्त ट्रायल आहे," व्हर्नियर म्हणाला. "ताईचा आवाज काय तुकड्या-तुकड्यांनी ठेवायचा? सलग हवा. याला जुळणारं कार्ड आणतो."

"मामा, पण तोवर..."

"महिनाअखेरपर्यंत वेळ आहे."

भाचीने आईकडे बघितलं. ताई म्हणाली, "राहू दे गं. त्याच्या नादी लागायचं नाही. तो जन्मला तेव्हाही उशिराच जन्मला होता."

कॅमेऱ्याच्या दुकानात दुकानदाराने काचेखालून चकचकीत कार्डं काढली. एकापेक्षा एक मोठी. एक कॅमेऱ्यात घालून बघितलं. टक् करून बसलं. "बसतंय ना काका? मग झालं!" दुकानदार म्हणाला. व्हर्नियरने कॅमेरा चालू केला. पडद्यावर आलं की हे कार्ड वाचता येत नाही. बोल्ट बसतो म्हणजे आटे जुळले असं नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी जाऊन त्याने माहितीपुस्तिका भिंग लावून वाचली आणि दुसऱ्या दिवशी परत आला. हा कॅमेरा जुन्या पद्धतीची, दोन जीबीपर्यंतचीच कार्डं वाचायचा. नवी मोठी कार्डं आकाराने तशीच, पण आतली रचना वेगळी. म्हणजे कार्ड हवं दोन जीबीचं, जुन्या पद्धतीचं आणि तरीही वेगवान.

"दोनचं आता कोण ठेवतं हो?" दुकानदार म्हणाला. "एक पडलंय, पण ते जरा मंद आहे. घेऊन जा, अर्धा-एक मिनिट तर नक्की घेईल."

"नको. वेगाचंच हवं."

"मग मागवावं लागेल. वेळ लागेल."

"मागवा," व्हर्नियर म्हणाला. अर्धं मिनिट! ताईला अर्ध्या मिनिटात बसवायचं म्हणजे काय? खरं सांगायचं तर तो त्या दिवशी खुशीत घरी आला. बऱ्याच दिवसांनी त्याला कुणीतरी नेमकं काम दिलं होतं, आणि ते काम तो नेमकं करत होता. माणसाला आपलं शहाणपण मिरवायला मिळालं की भोवताली काय चाललंय ते दिसत नाही. ताईला जिना चढताना दम लागत होता. तो भिंग लावून पुस्तिका वाचत होता.

मधल्या काळात त्याने आणखी एक गोष्ट केली. जावयाचं कार्ड परत केलं. स्टोअरचा नियमच होता, नेलेलं अवजार काम संपलं की ताबडतोब परत, आणि तेही साफ करून. कुणी तेलकट पाना आणून टाकला तर व्हर्नियर तो त्याच्या अंगावर फेकायचा. दुसऱ्याची वस्तू आपला कचरा ठेवून परत करायची नाही. त्याने कार्ड कॅमेऱ्यात घातलं, सगळं पुसायचं का असं कॅमेऱ्याने विचारलं, त्याने होय म्हटलं. मग कार्ड छोट्या डबीत घालून जावयाच्या हातात दिलं. जावयाने त्यावर नव्या पाळण्याचे आणि रंगवलेल्या खोलीचे फोटो भरले.

पुढच्याच आठवड्यात ताईचा श्वास अडकला. रिक्षातून दवाखान्यात नेलं, तपासलं, आणि डॉक्टर म्हणाले, तारखेची वाट बघता येणार नाही, उद्या सकाळीच करू. व्हर्नियर तिथून थेट दुकानात गेला. कार्ड आलं नव्हतं. ते मंद असलेलं एक पडलं होतं, तेही कुणी घेऊन गेलं होतं. मग तो जावयाकडे धावला. जावयाने कार्ड दिलं, पण ताई एव्हाना आत होती, तोंडावर ऑक्सिजनची नळी होती आणि बोलायला मनाई होती.

सकाळी तिला स्ट्रेचरवरून नेताना तिने ती नळी हाताने बाजूला केली. नर्स ओरडली. ताई फुसफुसत म्हणाली, "छोट्या, माझा आवाज नीट ठेवलायस ना?"

"ठेवलाय," व्हर्नियर म्हणाला.

उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याने स्टॉकमध्ये नसलेली वस्तू आहे म्हणून सांगितली. ताई हसली आणि आत गेली. तिचं शेवटचं वाक्य तेच, आणि त्याचं उत्तर खोटं होतं.

कार्ड आलं, वरातीमागून घोडं येतं तसं. दुकानदाराने कौतुकाने हातात ठेवलं. "बघा काका, अगदी तुम्हाला हवं तेच!" व्हर्नियरने विचारलं, कार्डावरून पुसलेलं परत मिळतं का? दुकानदार म्हणाला, वर दुसरं काही घेतलं नसेल तर निघतं कधीकधी. घेतलंय का? व्हर्नियरने कार्ड खिशात घातलं आणि तो निघून आला. पाळणा आणि रंगवलेली खोली त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. भाचीला त्याने सगळं सांगितलं. ती त्याला काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं. ती फक्त तेव्हापासून त्याला मामा म्हणायची थांबली. 'अहो' म्हणायला लागली.

ताईला कुणीच सांगितलं नाही. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी जाळीची पट्टी, अशी ती घरी आली. काही हवं असलं की चमचा ताटलीवर वाजवायची. मधून मधून कॅमेऱ्याकडे बोट करून भुवया उडवायची, दाखव ना. व्हर्नियर म्हणायचा, बाळ आलं की एकदमच बघू.

बाळ आलं. मुलगी झाली. भाची तिला घेऊन आली आणि ताईच्या मांडीवर ठेवली. ताईने चमचा वाजवला, कॅमेऱ्याकडे बोट केलं, मग बाळाच्या कानाकडे. व्हर्नियरने नवं कार्ड घातलेला कॅमेरा आणला. तोंडाने सांगवेना, म्हणून त्याने तो सुरू करून तिच्यापुढे धरला. पडद्यावर लिहून आलं, एकही चित्र नाही. ताईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिने भाचीकडे बघितलं, भाचीने मान खाली घातली.

"कार्ड जुळत नव्हतं, ताई," व्हर्नियर म्हणाला. "मी पुसलं ते."

ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिच्याकडे त्याच्यासाठी शब्द होते, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. साठ वर्षांची शिल्लक होती. मग तिने बोटाने कॅमेऱ्यावर टकटक केली. घे. आता घे.

त्याने पुस्तकांची चळत लावली, कॅमेरा ठेवला, बटण दाबलं. ताई ताठ बसली, तोंडापुढे मूठ धरली आणि बाळाकडे बघून ओठ हलवू लागली. बाळ तिच्याकडे बघत होतं. खाली रस्त्यावर कुठल्याशा गाडीने हॉर्न दिला, तशी बाळाने मान तिकडे वळवली. ताई थांबली नाही. पंख्याचा आवाज येत होता, भाची नाक ओढत होती, गळ्यावरच्या पट्टीतून हवा ये-जा करत होती. व्हर्नियर पडद्यावरचा वेळेचा आकडा बघत उभा होता.

कार्ड उत्तम होतं. ताईचं सगळं बोलून होईपर्यंत ते एकदाही थांबलं नाही.