हळदीच्या दोऱ्याची गाठ

धाड गावच्या तानाबाईचं सारं आयुष्य वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत गेलं. नवरा तुळशीराम मोट हाकायचा आणि ती पाण्याला दारं धरायची. एका वाफ्याचं तोंड चिखलानं बुजवायचं, दुसऱ्याचं उघडायचं. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा तिची लघवी अडली. एक मूत्रपिंड आधीच सुकलेलं, दुसऱ्याच्या वाटेत खडा बसलेला. डॉक्टरांनी कुशीतून नळी काढून बाटलीत सोडली. खडा काढायचा तो अंगात ताकद आल्यावर. तोवर नळी क्षणभरही बंद करायची नाही, असं त्यांनी दोघांनाही बजावलं होतं.

त्यातच आशाचं लग्न आलं. एकुलती एक लेक. देवकापाशी आईबापांनी जोडीनं बसायचं असतं. आदल्या दिवशी जाऊबाई वच्छलाबाई चार बायकांदेखत म्हणाल्या, "मुताची बाटली घेऊन देवकापाशी बसशील काय वं? मी बसतो तुह्या जागी."

सकाळी न्हाऊन तानाबाईनं नळी दुमडली, हळदीच्या दोऱ्यानं करकचून बांधली आणि नव्या लुगड्याखाली खोचली. बाटली कणगीमागं ठेवली. वाफ्याचं तोंड घडीभर बुजवलं तर कुठं काय बिघडतं, हा तिचा जन्माचा हिशेब.

देवक बसलं. पण मग हळद आली, पाहुणे आले, वऱ्हाड आलं. मांडवात देव बसलेले असताना गाठ सोडायला तिचं मन होईना. कुशीत ठणका लागला तरी ती हसून वाढत राहिली. लेकीची पाठवणी करताना तिचे दात वाजत होते. बायकांना वाटलं, रडू आवरतेय.

गाडी वळली आणि ती मांडवातच खाली बसली. अंग निखाऱ्यासारखं तापलेलं. तुळशीरामानं पदर सारला तेव्हा गाठ दिसली. त्यानं ती दातांनी तोडली. नळीतून थोडा गढूळ, नासका पू आला.

जीपनं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नळी पाहून विचारलं, "कोणी बांधली ही?"

तानाबाईनं डोळे उघडले. तुळशीराम पुढं झाला.

"म्या बांधली साहेब."

डॉक्टर त्याला नको नको ते बोलले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. तिनं त्याचा हात धरायला बोटं हलवली, तेवढंच.

आशा मांडवपरतणीला माहेरी आली तेव्हा मांडव उतरवलेला होता आणि घरात आईच्या जागी दिवा तेवत होता. वच्छलाबाईंनी तिला दारातच पोटाशी धरलं.