तात्यांची बॅग

परवा पूर्णा गावातल्या लग्नात गुलाबाच्या अत्तराचा वास आला आणि एअर होस्टेस झाल्यावरचं माझं पहिलं वर्ष आठवलं. त्या वर्षी एकदा आमचे शेजारी, हेच अत्तर लावणारे गोदामांचे मालक तात्या, पायाशी बॅग ठेवून विमानाच्या संकटकालीन दाराजवळ बसले होते.

"तात्या, बॅग वर ठेवा. वेळ आली तर इथूनच माणसं बाहेर काढायची असतात."

"पोरी, तुला खांद्यावर खेळवलीय मी. ऱ्हाऊ दे, काय होत न्हाय."

मी म्हणाले, "घरी पाया पडेन. इथे बॅग हलल्याशिवाय विमान हलणार नाही."

बॅग वर गेली, पण तात्यांचा अपमान केला म्हणून बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा मी रडले होते. आज वाटतं, आणखी मोठ्याने बोलायला हवं होतं.

परवा त्या लग्नाच्या मांडवातही तात्यांची बॅग ऐन वाटेत होती. पाया पडायच्या आधी मी म्हटलं, "तात्या, बॅग."