ओळखीची बाटली

दूध केंद्रावरचा माणूस टोपी हातात घेऊन दारात आला. मी मेथी निवडत होते. आमचे हे केंद्रावरच, बसल्या जागी गेले, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं. तो गेल्यावर मी उरलेली जुडीही निवडून ठेवली... कुणासाठी, ते सुचलं नाही.

आज सहा आठवडे झाले. माणसं यायची थांबली. मी फार थकले आहे. चौथीपर्यंत शिकले, कुणाला दाखवायला हे लिहीत नाही. मनावर एक गोष्ट आहे, तेवढी उतरवते.

माझे यजमान चाकणच्या दूध केंद्रावर दूध तपासायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुधात काचेची नळी सोडायची. पाणी घातलेलं असलं की ती जास्त खोल जाते आणि आतल्या कागदी पट्टीवर आकडा कमी दिसतो. पण नळीच चुकत असली तर? म्हणून पुण्याच्या प्रयोगशाळेतून एक सीलबंद बाटली यायची. तिच्यातल्या मोजून मीठ घातलेल्या पाण्यात नळीनं कोणता आकडा दाखवायला हवा, तो वर लिहिलेला असे. हे तिला ओळखीची बाटली म्हणत. रोज आधी ती, मग गावाचं दूध. एकदा ओतलेलं परत भरायचं नाही, त्यामुळे ती लवकर संपे, आणि नवी यायला महिना जाई. एका वर्षी तळाशी थोडंच उरलं, तेव्हा यांनी काटकसर केली. आठवड्यातून एकदाच बाटली उघडू लागले.

त्याच आठवड्यात त्यांनी नळी धुवायला घरी आणली. ओशटपणा जावा म्हणून मी ती कढत पाण्यात ठेवली. आतला डिंक सुटला, पट्टी अंमळ खाली घसरली. मला ते दिसलं नाही.

आकडे सगळ्यांचेच उतरले, पण बाकीच्यांचं म्हशीचं दूध निभावलं. भागूबाईंची एकच गाय, तिचा आकडा आधीच काठावर. दुधात पाणी आहे, असं यांनी भर रांगेत सांगितलं. चार दिवस त्यांचं दूध परत गेलं. एकटी बाई, त्यांची गाय विहिरीत चरते, असं लोक म्हणू लागले.

पाचव्या दिवशी बाटली उघडली आणि चूक कळली. हे घरी आले आणि घसरलेली पट्टी मला दाखवली. कढत पाण्याचं मी रडत रडत सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "धुणं तुझं होतं. तपासणं माझं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भागूबाईंपुढे हात जोडले. माझं नाव काढलं नाही.

"मोठ्यानं बोला मास्तर," भागूबाई म्हणाल्या. "तवा बी मोठ्यानंच बोलला व्हता."

यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. पुढे बाटली संपली, तर नवी येईपर्यंत ते कुणाचंच दूध परत पाठवत नसत. मी मात्र भागूबाई दिसल्या की वाट बदलायची.

परवा त्या भेटायला आल्या. नवा तपासनीस घाईनं नळी थेट दुधात घालायला निघाला, तर भागूबाईंनी आपल्या किटलीवर हात ठेवून म्हणे त्याला सांगितलं, आदी तुमची बाटली. ते ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही. ती नळी मी धुतली होती, असं सांगून टाकलं.

त्या उठल्या नाहीत. "ठावं हाय मला," म्हणाल्या. "मास्तरांनी न्हाई सांगितलं. पर त्या दिसापास्नं तुमी माझ्याकडं बघितलंच न्हाई."

फळीवर यांची एक रिकामी बाटली आहे. वरचा पुसटलेला आकडा यांनी आपल्या अक्षरात पुन्हा लिहिलेला. आज ती खाली काढून धुतली... गार पाण्यानं.