मोरिता आजोबांचं वजन

आधीच सांगतो, मी गूढ अनुभवांच्या या सदराचा वाचक नाही. बायको वाचते, आणि तिनंच लिहायला बसवलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात अंगारा, ताईत, उतारा यातलं काही शिरलेलं नाही. त्यात माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. नवीन जालन्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकान आहे. जे काट्यावर येत नाही ते मी मानत नाही... आणि अडचण हीच आहे, की हे काट्यावर आलं.

माझी मुलगी प्रज्ञा नर्सिंग करून जपानला गेली. तिथल्या एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांची देखभाल करते. तिच्याकडं मोरिता नावाचे एक आजोबा होते. तरुणपणी सुमो पैलवान. सुमो म्हणजे तिकडची कुस्ती – मातीच्या गोल रिंगणात दोघं उतरतात, जो बाहेर गेला किंवा तळपायाशिवाय ज्याचं अंग मातीला लागलं तो हरला. आजोबा शाळा सोडून तालमीत गेले. तिथंच राहिले, थोरल्या पैलवानांची भांडी घासली, पाठी रगडल्या, आणि चढत चढत अशा ठिकाणी आले की आणखी एक कुस्ती मारली असती तर वरच्या दर्जात गेले असते. त्याच कुस्तीत गुडघा गेला. पुढं आयुष्यभर कुणाकुणाच्या हॉटेलात स्वयंपाक केला. लग्न नाही, भेटायला येणारं कुणी नाही.

दर आठवड्याला प्रज्ञाला त्यांचं वजन घ्यावं लागे. उभं राहता येत नसे, म्हणून चाकाच्या खुर्चीसकट तोलायचं आणि खुर्चीचं वजन वजा करायचं. अठ्ठावन्न किलो भरायचे. आजोबा आकडा बघून दर वेळी मान हलवायचे – "हा मी नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे ते मीठ मागायचे. जेवणाच्या वेळी नाही, कधीही. हात पुढं करून मूठ उघडायचे. त्यांच्या किडन्या निम्म्या निकामी होत्या, डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलेलं. प्रज्ञाची आई एकदा फोनवर म्हणाली, दे की गं चिमूटभर, म्हाताऱ्या माणसाचं मन राहील. प्रज्ञा म्हणाली, "न्हाई मम्मी, बिलकुल न्हाई. पायाला सूज येते त्यांच्या." मला तिचं बरोबर वाटलं. आजही वाटतं.

एका रविवारी तिनं आजोबांना व्हिडिओ कॉलवर आमचं दुकान दाखवलं. मागं मोठा प्लॅटफॉर्म काटा उभा होता. आजोबांनी विचारलं, कितीचा? मी म्हणालो, तीनशे किलोचा. ते पहिल्यांदाच मोकळं हसले.

"पप्पा, ते विचारून राह्यले, मला तोलता का?"

"या म्हणावं. बराबर वजन करून देतो."

आपण कुणालाही म्हणतो तसं म्हणालो. प्रज्ञानं ते जपानीत सांगितलं. आजोबांनी हसू आवरलं आणि खुर्चीतच, जमेल तितकं खाली वाकून, नमस्कार केला.

पुढची गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली. भर दुपार. भोकरदनचे सलीमभाई कापसाचा व्यापार करतात, त्यांचा काटा दुरुस्तीला आला होता. मी वजनाचा दाब मोजणारा लोड सेल नवीन बसवला, वीस-वीस किलोची तपासणीची वजनं चढवून बघितली, बरोबर भरलं. वजनं उतरवली. शून्य. सलीमभाई स्टुलावर बसले होते, मी चहा ओतत होतो.

"भाऊ, हवा तोलून राह्यले का?" सलीमभाई म्हणाले.

इंडिकेटरवर 131.40 होतं. काट्यावर काही नाही. मी वायर हलवली, आकडा हलला नाही. मग तो एकदम वर उडाला आणि परत 131.40 वर आला. पुन्हा उडाला, पुन्हा तिथंच. कुणी एक पाय उचलून जोरात आपटावा, मग दुसरा आपटावा, तसं. चहाच्या ग्लासात तरंग उठत होते. सलीमभाईंचं हसणं थांबलं. मग आकडा 131.65 झाला. थोडा वेळ तिथं राहिला. परत 131.40. आणि शून्य.

प्लॅटफॉर्मच्या पुढं फरशीवर पांढरं काहीतरी अर्धगोल पसरलेलं होतं. सलीमभाईंनी बोट लावून जिभेला लावलं. मीठ.

सकाळी बायकोनं मिठाचा पुडा आणायला सांगितला होता, तो मागच्या फळीवर पिशवीत होता. काढला तर सीलबंद, कुठं छिद्र नाही. पण हाताला हलका लागला. छोट्या काट्यावर ठेवला. एक किलोचा पुडा साडेसातशे ग्रॅम भरला. फरशीवरचं झाडून तोललं, दोनशे चाळीस. दहा ग्रॅम फटीत राहिलं असणार.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. मोरिता आजोबा गेले होते... आमच्याकडं चहा आला त्याच सुमाराला. मी तिला फक्त आकडा सांगितला, मिठाचं सांगितलं नाही. म्हणालो, त्यांचं पैलवानकीतलं वजन कुणाला माहीत असलं तर विचारून घे.

अंत्यविधीला एकच माणूस आला, त्यांच्याच तालमीतला एक म्हातारा पैलवान. प्रज्ञानं त्याला विचारलं. तो लगेच म्हणाला, एकशे एकतीस. उस्तादांनी मोरिताला सांगितलं होतं, एकशे तीसच्या वर गेलास तरच वरच्या दर्जात टिकशील. ज्या दिवशी एकतीस भरलं त्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना जेवू घातलं. शेवटची कुस्ती त्याच वजनावर खेळला.

मग प्रज्ञानं आपणहून मिठाचं विचारलं. तो म्हणाला, कुस्तीच्या आधी पैलवान एकेक पाय उचलून आपटतो आणि रिंगणात मूठभर मीठ उधळतो, जागा शुद्ध करायला. पण मिठाचा मान वरच्या दर्जाचा. खालच्याला सहसा मीठ मिळत नाही. मोरिताला कधीच मिळालं नाही.

हे सगळं प्रज्ञानं मला फोनवर सांगितलं. तेव्हा मी तिला फरशीवरचं मीठ सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही.

ती सुट्टीवर आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाली, तो काटा बघायचाय. आम्ही एसटीनं भोकरदनला गेलो. झाडून ठेवलेलं मीठ मी डब्यात जपलं होतं, ते तिनं सोबत घेतलं. सलीमभाईंनी गोदाम रिकामं करून दिलं. मीठ मुठीत घेऊन ती काट्यावर उभी राहिली. 52.30. तिनं मीठ समोर उधळलं. 52.06. जितकं कमी व्हायला पाहिजे तितकंच. ती तशीच उभी राहिली, आकड्याकडं बघत. आम्हीही बघत होतो. आकडा हलला नाही.

"उतर बेटा," सलीमभाई हळूच म्हणाले.

"खायला मागत नव्हते ते, चाचा," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून – "पप्पा, माझ्याकडं रोज हात पुढं करायचे. अन् घ्यायला इतक्या लांब यावं लागलं."

ती आता परत गेली आहे, त्याच आश्रमात. फोनवर बोलते, पण म्हाताऱ्यांचं काही सांगत नाही.

याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही, कुणी केलाच तर ऐकायची तयारी आहे. सलीमभाईंचा काटा दर वर्षी माझ्याकडं तपासायला येतो. मी गरजेपेक्षा जास्त वेळा वजनं चढवून बघतो. तो चोख आहे. त्यात दोष सापडला असता तर मला फार बरं वाटलं असतं.