पाणकरबाबांची नवी खुंटी

रामराम म्हटलं की माणसं रामराम म्हणतात. पाणकरबाबा पाणी सांगायचे. "रामराम बाबा" म्हटलं की "गुडघ्याले." श्रावणात "कमरेले." आणि एखाद्या सकाळी "छातीले" म्हणाले की ऐकणाऱ्यानं समजायचं, आज खुंटी निघणार. रोज उजाडताच ते आमच्या शहरातल्या जुन्या तलावात ठरलेल्या जागी उतरायचे आणि अंगानं पाणी मोजून यायचे. एका इंजिनिअरनं "मीटरमध्ये सांगा" म्हटलं, तर त्याच्यावरच खेकसले, "मीटर बुडते का तलावात? मी बुडतो!"

गोंदियाकडच्या या भागात ज्यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले, त्यांच्यातलेच ते. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, एक दगडी दार असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्यात वरपासून खालपर्यंत भोकं आणि प्रत्येक भोकात येनाच्या लाकडाची हातभर खुंटी. खुंटी काढली की पाणी पाटाला लागतं. शहर वाढलं, तरी पाळीखाली पाच-सात जणांचं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान उभं असायचं. दिवाळीनंतरचं शेवटचं पाणी मिळालं नाही, तर ते दाणे भरत नाही.

मी १९९९ साली तिथल्या शाळेत लागले. पहिल्याच पावसाळ्यात चौथीचा वर्ग घेऊन तलावावर गेले. पोरं दगड मारू लागली आणि पाळीवरून आवाज आला, "काऊन वं मास्तरीन, पोरायले तलाव दाखवून राहिली, का तलावाले पोरं दाखवून राहिली?" मी उलट बोलले. तेही बोलले. अर्ध्या तासानं चाळीस पोरं ओळीनं तुडुमापाशी बसून खुंटी कशी तासतात ते ऐकत होती. तेव्हापासून आमचं भांडण कधी मिटलं नाही. एवढं चांगलं भांडण मी नंतर कोणाशी केलं नाही.

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या सकाळी बाबा वरची जुनी खुंटी काढत आणि संध्याकाळी तिच्या जागी स्वतः तासलेली नवी घालत. पहिलं पाणी सुटलं की दंडार या नाचगाण्याच्या नाटकातले गडी ओंजळी भरून नेत आणि त्यात तोंडाचे रंग कालवत. मगच डफ वाजायचा. एका वर्षी गड्यांनी घाईत नळाचं पाणी घेतलं, तर बाबांनी रंगवलेल्या तोंडांसकट त्यांना तलावाशी परत पाठवलं. "नळाच्या राजाले कोण भेते?" म्हणाले.

मग मंडईचा महोत्सव झाला. समिती आली, अध्यक्ष आले, कारंजं आणि पायडलच्या बोटी आल्या. बोटींना तलाव कायम भरलेला हवा होता. मी समितीची सचिव होते, कारण कागद करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, बाबा का सत्कार करेंगे. आप ही बुलाओ, वो बुड्ढा और किसी की सुनता नहीं." कार्यक्रमपत्रिकेत आधी सत्कार आणि मग पाणी, असा क्रम त्यांनी सांगितला. मी तो लिहिला.

बाबा म्हणाले, "सत्कार कायले? मी मेलो का?"

"मेल्यावर केला तर तुम्हाला दिसणार नाही, म्हणून आत्ता," मी म्हटलं.

आले. धुतलेलं धोतर, हातात नवी खुंटी. मंच तलावापासून दूर, शाळेच्या मैदानावर होता. भाषणं लांबली. वारसा, परंपरा, मातीचा गंध. ज्यानं कधी मातीत पाय घातला नव्हता, तो सगळ्यात जास्त बोलला. शाल, नारळ, फोटो झाले आणि आम्ही तलावाकडे गेलो.

तुडूम काँक्रीटनं भरलं होतं. वरपासून खालपर्यंत. आतल्या जुन्या खुंट्यांसकट. वर थापी फिरवून गुळगुळीत केलं होतं, अजून ओलं होतं. बाबा पाळीवर असताना तुडुमाला हात लावायची कोणाची छाती नव्हती, म्हणून त्यांना शालीखाली बसवून ठेवलं होतं. आणि बसवणारी मी होते.

मला वाटलं, आता हा माणूस आभाळ डोक्यावर घेईल. ते ओरडलेच नाहीत. "तुले माहीत होतं?"

"नाही. सकाळी पाळीखाली काँक्रीटची गाडी दिसली होती. वाटलं, रस्त्याची असेल."

"दिसली ना? मंग पुसलं काऊन नाही?"

त्यांनी नवी खुंटी माझ्या हातात दिली. "ठेव. भोक सापडलं तं लाव."

त्या वर्षी पाळीखालचं धान पोचट निघालं. दोन वर्षांत तिथे प्लॉट पडले. लेआउटच्या फलकावर नाव कोणाचं, हे सांगायला नको. मी समिती सोडली, तुडूम मोकळं करा म्हणून दरवर्षी अर्ज दिला. अर्जाची पोच मात्र दरवर्षी मिळते. आणि बाबा? दुसऱ्या दिवशी मी "रामराम बाबा" म्हटलं, तर ते म्हणाले, "रामराम." सगळे म्हणतात तसं. पुढे तीन पावसाळे ते जगले, पाणी मात्र कोणाला सांगितलं नाही.

आता बोटी काठाला उपड्या पडल्या आहेत, कारंजं बंद आहे. पाळीच्या भिंतीवर बाबांचं चित्र काढलं आहे, हसरं. असले दात त्यांनी कोणाला दाखवल्याचं मला आठवत नाही. आणि गेल्या पावसाळ्यात समितीचा निरोप आला, वारसा दालन करतोय, काचेच्या पेटीत ठेवायला ती खुंटी द्या.

घाटाची कोणती पायरी बुडाली म्हणजे बाबांची छाती, हे मला पाठ आहे. मी ती बुडालेली पाहून समितीच्या सभेला गेले. अध्यक्ष उठून म्हणाले, "नमस्ते मॅडम! खूँटी लाई?"

"छातीले," मी म्हटलं.

"क्या?"

मी खुंटी पिशवीतून काढून टेबलावर आपटली, पण हात तिच्यावरच ठेवला.

"देते. पहिले भोक दाखवा."