अर्धी गोळी

शुक्रवार पेठेत शिवशरण कंपाउंडरांना कुणी कंपाउंडर म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात, नाहीतर अप्पा. खरे डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, तरी चाळीस वर्षं पुड्या बांधलेल्या ह्या माणसाकडं बोळातली माणसं येतच राहिली. पोराला ताप आला, म्हातारीचं अंग ठणकलं, की चला अप्पांकडं. अप्पा पत्र्याच्या डब्यातली गोळी काढणार, नखानं अर्धी मोडणार आणि म्हणणार, "सकाळपर्यंत उतरतोय बघ." आणि उतरायचा हो! हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. तेच तेच ऐकलं की माणसाला स्वतःलाही खरं वाटायला लागतं. अप्पांना वाटत होतं.

त्यांच्या बायकोचा, कमलम्मांचा, जीव मात्र चिन्नीत. चिन्नी म्हणजे करड्या रंगाची, एका कानाला खाच असलेली मांजर. नवऱ्याशी कमलम्मा कामापुरतं बोलायच्या. मांजरीशी दिवसभर, तेही कानडीतून. "बा चिन्नी, बा," म्हटलं की ती माळ्यावरून उडी टाकून यायची. "माझ्यापेक्षा तिच्याशीच तुझा संसार बरा चाललाय की," असं अप्पा चिडवायचे.

त्या रविवारी पहाटे चिन्नी कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेली. कान चांगलेच तापलेले. कमलम्मा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या होत्या. अप्पांनी डबा उघडला, पॅरासिटामोलची गोळी नखानं मोडली, अर्धी मधात कालवून बोटानं मांजरीच्या जिभेमागं सारली. "मानसाचा उतरतोय, तुझा का न्हाय उतरणार?" म्हणून तिला दटावलंही. बायको आली की ऐटीत सांगायचं, बघ, तुझी लेक मी बरी केली, एवढाच बेत.

दुपारपर्यंत चिन्नीचं तोंड सुजलं. पंजे सुजले. ती जबडा उघडून धापा टाकायला लागली आणि गुलाबी हिरड्या मातकट झाल्या. तेवढ्यात देवळातून परतलेल्या कमलम्मांनी ते बघून हंबरडाच फोडला.

मग सुरू झाली वणवण. शेजारच्या बसप्पानं रिक्षा काढली. जनावरांचा दवाखाना गाठला तर रविवारचं कुलूप. एका खासगी दवाखान्याचं शटर खाली, पाटीवरचा नंबर कुणी उचलेना. एकानं उचलला तर म्हणतो, आम्ही फक्त गाई-म्हशी बघतो. काय म्हणावं ह्याला! लाखांच्या वस्तीच्या शहरात मांजराला एक डॉक्टर मिळू नये! शेवटी एका औषधवाल्यानं श्रीदेवी नावाच्या डॉक्टरचा नंबर दिला. ती शहराबाहेर, मंद्रूप गावी होती, एका गोठ्यात, अडलेल्या म्हशीपाशी. "म्हैस सोडून येता येत नाही. तुम्हीच या, लगेच या," ती म्हणाली.

बसप्पानं रिक्षा हाणली. मांडीवर टोपली, टोपलीत चिन्नी, आणि कमलम्मांचं वाटभर एकच, "सिद्धरामा, एवढी वाचीव रं." अप्पांना ती अर्धी गोळी पुन्हा पुन्हा आठवत होती, आणि ते तिला पुन्हा पुन्हा मनाआड करत होते.

डॉक्टर म्हणजे पंचविशीतली पोर. हात धुऊन आली, हिरड्या बघितल्या आणि थबकली. "घरातली काही गोळी दिली होती का? दिली असेल तर सांगा. त्याचा उतारा वेगळा असतो."

अप्पांनी तोंड उघडलं होतं. पण कमलम्माच आधी बोलल्या, "अगं बाई, हे चाळीस वर्सं दवाखान्यात होते. कायबी देतील व्हय?" बसप्पानंही मान डोलावली.

"काय न्हाय दिलं," अप्पा म्हणाले.

कसलातरी विषारी किडा चावला असेल, असं धरून डॉक्टरनं सुजेचं इंजेक्शन टोचलं. तास गेला. चिन्नीची जीभ काळी पडत चालली. तेव्हा कुठं अप्पा डॉक्टरच्या मागोमाग हौदापाशी गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "पहाटे पॅरासिटामोल दिली होती. अर्धी."

"अप्पा, मांजराला ते विष असतं! आल्या आल्या सांगितलं असतं तर कदाचित..." पुढं न बोलता ती बॅगेकडं धावली. उतारा बॅगेत नव्हता. तिनं बसप्पाला गावातल्या मेडिकलला पिटाळलं. तो औषध घेऊन आला तेव्हा कमलम्मांच्या मांडीवर चिन्नी गार पडली होती.

डॉक्टर कमलम्मांकडं वळली, तसे अप्पांनी बायकोच्या पाठीमागून डॉक्टरला हात जोडले. चाळीस वर्षांचा मान होता, तो त्या गोठ्यातल्या शेणात पडला होता, आणि तरीही ह्या माणसाला तो राखायचाच होता. पोर गप्प राहिली.

परतताना कमलम्मांनी तिला शिव्यांची लाखोली वाहिली. कालची पोर, तिला काय कळतंय, सुई टोचून मारली माझ्या चिन्नीला! दुसऱ्या दिवशी सगळा बोळ भेटायला आला आणि सगळ्या बोळानं त्या डॉक्टरला नावं ठेवली. अप्पा खाली मान घालून ऐकत बसले.

माणसं पांगली. कमलम्मांनी दुधाची वाटी धुऊन पालथी घातली आणि नवऱ्याशेजारी येऊन टेकल्या. कितीतरी वर्षांनी अशा टेकल्या.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी देवळात गेले नसते तर तुमालाच म्हनले असते. तुमच्या हातची अर्धी गोळी तिच्या पोटात गेली असती, तर वाचली असती की माझी चिन्नी."

"व्हय," अप्पा म्हणाले.