बंद नळांचा दाब

फिरत्या घराला बाहेरून पाणी जोडले, तर दाब नेमका केव्हा मोजावा? या प्रश्नाचे उत्तर मला फार महागात पडले. छत्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते ठाऊक असायला हवे होते.

आई अंथरुणाला खिळलेली, ऑक्सिजनवर. पुण्याच्या मावशीला एकदा भेटायचे, एवढेच तिचे मागणे. म्हणून बिछाना, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी असलेली गाडी भाड्याने आणली. मालकाने बजावले होते, "सरजी, बाहर का पानी जोडो तो प्रेशर देख लेना. ढाई से ऊपर नहीं."

निघायच्या सकाळी माधव नगरातल्या आमच्या घरी नळ आले, पाणी सुरू झाले. गाडीची भरलेली टाकी प्रवासासाठी राखून ठेवावी, म्हणून गाडीतले नळ तपासायला मी घरच्या मोटरची नळी थेट गाडीला जोडली. मध्ये दाबमापक बसवला. गाडीतला नळ सोडून काटा वाचला : सव्वा बार, मालकाच्या अडीचच्या बराच खाली. वहीत टिपले, नळ बंद केला आणि मोटर चालू ठेवूनच चहाला आत गेलो.

"अहो, गाडीतून पाणी येतंय!" बायको ओरडली.

बिछान्याखालचा सांधा निखळला होता. तिथेच, सुरक्षित जागा म्हणून, मी आईचे ऑक्सिजनचे यंत्र ठेवले होते. उचलले, तर त्यातून पाणी गळू लागले. आई घरात सिलिंडरवर होती. पण या यंत्राशिवाय पुणे अशक्य. 

नंतर गाडीकडचे टोक बंद करून मोटर पुन्हा लावली. काटा चारावर गेला. मी बघतच राहिलो. वाट मोकळी असताना पाणी निघून जाते, म्हणून दाब कमी दिसतो. वाट बंद होताच मोटरचा सारा जोर सांध्यांवर येतो. मी मोजले होते, पण चुकीच्या वेळी.

आईला सांगितले.  ती म्हणाली, "आणि पोरांचे मार्क कापायचास ना रे?"

देवास गेटजवळच्या दुकानातून दुसरे यंत्र मिळायला तीन दिवस लागले. तोवर सांधा दुरुस्त झाला, नळीला दाब कमी करणारी चावी बसली. निघण्यापूर्वी मी नळी जोडून मोटर लावली, तेव्हा आईने गाडीतल्या बिछान्यावरून विचारले, "सगळे नळ बंद आहेत? मग आता वाच."

"दोन," मी म्हणालो.

"परत वाच."

माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या गाडीचे सगळे नळ बंद करा आणि काटा स्वतः वाचून पाहा.